आखाजीआधी डबे उघडा

आखाजी तोंडावर आली आहे. अकोल्याचा पारा चव्वेचाळिसाकडे सरकू लागला की गच्च्यांवर जुनी लुगडी अंथरली जातात आणि त्यांवर कुरडया, पापड, मुंगवड्या, खारोड्या वाळू लागतात. गहू-हरभरा घरात आलेला असतो, तुरीची नवी डाळ बाजारात असते. वऱ्हाडात वर्षाचे धान्य भरण्याचे हे दिवस. याच दिवसांत प्रत्येक घराला आमची कळकळीची विनंती आहे: किराण्याची नवी यादी लिहिण्याआधी घरातले सगळे डबे उघडा, आणि जे निघेल ते संपेपर्यंत दूध-भाजीपाल्यापलीकडे काही आणू नका.

काय काय निघते ते पाहावे. मागच्या उन्हाळ्यातल्या कुरडया, तळाशी राहिलेली मठ, उपवासाला आणलेला साबुदाणा, रव्याची दोन पाकिटे. त्यातले दुसरे पहिल्याचा विसर पडला म्हणून आणलेले. श्रावणात ज्वारी किती उरली, दिवाळीपर्यंत डाळ पुरेल की नाही, हे पूर्वी घरातल्या कर्त्या बाईला कोठीत न डोकावता सांगता येत असे. त्या हिशेबावर घर निभावत होते. आता कोठीची जागा कपाटांनी घेतली, माल वाढला आणि हिशेब मात्र कोणाकडेच राहिला नाही.

अन्न साठवणे ही वऱ्हाडची चैन कधीच नव्हती. १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चालले, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला; मागोमाग रेल्वे आली आणि ज्वारीच्या रानात कापूस शिरला. कापसाने पैसा दिला, पण पेवात धान्य ठेवून निर्धास्त राहण्याची ताकद गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी त्याची किंमत वसूल केली. १९७२ च्या दुष्काळातला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी आठवणारी माणसे आजही आपल्या घरांत आहेत. त्यांनी डबा रिकामा राहू दिला नाही, यात नवल नाही. घरात दाणा असावाच. आमचा आग्रह तो वेळेवर खाण्याचा आहे.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. त्या दिवसांत अनेक घरे वाळवणावर आणि डाळींवर चालली, आणि हाताशी आहे त्यात स्वयंपाक करायला नवी पिढीही शिकली. ती शिकवण फार टिकली नाही. भीतीपोटी भरून ठेवण्याची सवय मात्र मागे राहिली.

तुरीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि ज्याला जमेल त्याने ती भरून ठेवली. पुढच्याच हंगामात पीक उदंड आले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर तुरीची पोती घेऊन दिवस दिवस ताटकळत बसले. बारदाना नव्हता, जागा नव्हती. ज्या डाळीमागे एवढा घाम आहे, ती आपल्या फळीवर भुंग्यांनी पोखरून जावी, हे आम्हाला सहन होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते. त्यात सालपटे, देठही आले हे खरे. तरीही आकडा लहान होत नाही.

संपवायचे कसे, हे वऱ्हाडच्या स्वयंपाकघराला नव्याने शिकवायला नको. कुरडया तळायच्याच असतात असे कोणी सांगितले? कोमट पाण्यात भिजवून कांदा-तिखटावर परतल्या की उत्तम भाजी होते. मुंगवड्या तेलावर परतून वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात सोडाव्यात. ज्वारी भरडून कण्या कराव्यात. चार डब्यांच्या तळाशी उरलेल्या चार डाळी एकत्र भिजवून वाटल्या की धिरडी होतात. जुनी तूरडाळ लवकर शिजत नाही म्हणून ती बाजूला पडते. दोन-तीन तास आधी भिजवली की तीही शिजते. डाळीत थोडे भुंगे दिसले तर कडक ऊन दाखवावे, चाळावी, निवडावी आणि आधी तीच वापरावी. मात्र एका बाबतीत काटकसर नको: बुरशी धरलेले शेंगदाणे धुऊन, भाजूनही खाऊ नयेत. बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही आणि ते यकृतावर घाला घालते. खवट झालेले दाणे, जाळी धरलेले पीठ यांचाही मोह सोडावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सारे पुन्हा घरातल्या बाईच्याच अंगावर पडणार असेल, तर आमच्या विनंतीत अर्थ नाही. दुकानातून पिशव्या भरून आणणारे हात बहुतेक घरांत पुरुषांचेही आहेत. डबे उतरवणे, उन्हात घालणे, चाळणे, काय किती उरले ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवणे, ही कामे त्यांनी करावीत. मुलांना सुट्या आहेत, त्यांनाही सोबत घ्यावे. आणि जेवायला बसल्यावर सलग दोन दिवस मुंगवड्याच का, असे विचारू नये. न फोडलेले, मुदतीतले आणि आपल्याकडे लागणारच नाही असे जे असेल, ते शेजारी किंवा शिकायला आलेल्या मुलांच्या खोलीवर आजच द्यावे.

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. गावाकडे बियाण्याचे आणि खताचे पैसे उभे करायचे आहेत, शहरात जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तके आहेत. वर्षभरात हात सर्वांत आखडतो तो याच महिन्यांत, आणि दुकानदाराच्या वहीतली उधारी वाढते तीही याच महिन्यांत. वैशाखातले पंधरा दिवस घरातल्याच डाळदाण्यावर निघाले, तर पेरणीच्या तोंडावर तेवढी उधारी मांडावी लागणार नाही.