आईच्या उंचीचा ओटा

यंदाच्या मे महिन्यात मी आणि माझ्या वडिलांनी मिळून आमच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं बांधलं. जुनी शहाबादी फरशी उखडली, विटांचे पाय उभे केले, त्यावर कडप्पा टाकला, मागच्या भिंतीला टाईल्स लावल्या, जमिनीवरची मोरी बंद करून ओट्यावर सिंक बसवलं. सतरा दिवस लागले. मी हैदराबादला पीएचडी करते. तिथल्या मित्रमैत्रिणींना एक फोटो पाठवला, त्यात माझ्या हातात थापी आहे आणि कोपरापर्यंत सिमेंट. एका मैत्रिणीचं लगेच उत्तर आलं, "वा! बापलेकीचा डीआयवाय प्रोजेक्ट!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या वडिलांनी टाळेबंदीत पुस्तकांचं लाकडी कपाट स्वतः बनवलं होतं आणि त्याचं घरादारात केवढं कौतुक झालं होतं. मी अण्णांना हा शब्द समजावून सांगितला. म्हटलं, डीआयवाय म्हणजे आपल्या घरचं काम आपणच करायचं, माणूस लावायचा नाही. अण्णा माल कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "मग आजवर आपण दुसरं काय केलं?"

अण्णा गवंडी आहेत. तीस वर्षं मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांनी लोकांची घरं बांधली. किती स्वयंपाकघरांचे ओटे घातले याचा हिशेब त्यांच्याकडे नाही. आमच्या घरात मात्र ओटा नव्हता. आधी चूल होती, मग गॅस आला, पण शेगडी जमिनीवरच राहिली. आई बसून स्वयंपाक करायची, भांड्यासाठी उठायची, मोरीत पुन्हा खाली बसायची. तिचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद करा. म्हणून हे काम निघालं, हौस म्हणून नाही.

मी मदत करते म्हटल्यावर अण्णा चिडले. "हात खराब करून घेऊ नको. यासाठी शिकविलं का तुला?" हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी ऐकलं असेल. आपल्या आईवडिलांनी आपल्याला शिकवलं ते आपल्या हाताला घमेलं, झाडू, विळा लागू नये म्हणून. आपणही ते मनावर घेतलं. मी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'गवंडी' न लिहिता 'बांधकाम व्यवसाय' लिहायचे. वाचणाऱ्याला ठेकेदार वाटावा एवढीच इच्छा असायची.

ही लाज आपल्या स्वभावातली खोट नाही. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त तिचं मूळ दाखवून ठेवलं आहे. जातिव्यवस्था ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि वरखाली लावलेली वाटणी आहे, ही त्यांची मांडणी आपल्याला पाठ असते. त्याच्याच पुढं त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपलं कमी लक्ष जातं. या वाटणीत माणसाच्या आवडीला जागा नाही, आणि जे काम हलकं ठरवून माथी मारलं जातं त्याचा करणाऱ्याला तिटकाराच येणार. म्हणजे माझ्या वडिलांना मुलीच्या हातात थापी नकोशी वाटली, ती थापीमुळे नाही. ती थापी त्यांना निवडता आली नव्हती आणि सोडताही आली नव्हती, म्हणून.

आता मैत्रिणीच्या शब्दाकडे येते. युरोप-अमेरिकेत शिकली सवरलेली माणसं आपलं स्वयंपाकघर स्वतः का लावतात? त्याचं एक साधं कारण म्हणजे तिथं कारागिराचा तास महाग आहे. जर्मनीत टाईल्स बसवण्याचं काम तीन वर्षांच्या रीतसर शिक्षणाचं आहे, त्याची परीक्षा असते, प्रमाणपत्र मिळतं. अशा माणसाला बोलावणं परवडत नाही म्हणून लोक स्वतः शिकतात. आपल्याकडे मध्यमवर्गाला स्वतः शिकायची गरज पडली नाही, कारण सकाळी नाक्यावर गेलं की माणूस मिळतो, आणि स्वस्तात मिळतो. तो स्वस्त का आहे, हा प्रश्न जातीपर्यंत गेल्याशिवाय सुटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाही, शाळा नाही, दुसरा धंदा करायची मुभा नाही, अशी माणसं जिथं तयार ठेवलेली असतात तिथं मजुरी स्वस्तच राहणार. म्हणून तेच काम एकानं बाल्कनीत केलं की छंद होतो आणि दुसऱ्यानं पोटासाठी केलं की त्याची जात विचारली जाते.

आणि स्वयंपाकघर ही तर जातीची सगळ्यात आतली खोली. रोटीबेटी व्यवहार म्हणतात त्यातली रोटी तिथंच होते. अण्णांनी एका घराचा ओटा बांधला होता. काम संपल्यावर मालकानं रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. पुढं वास्तुशांत झाली. चारेक महिन्यांनी सिंकखाली गळती लागली म्हणून त्यांना परत बोलावलं, तेव्हा घरातल्या बाईंनी आधी पाण्याचा माठ उचलून आतल्या खोलीत नेला आणि मग "या" म्हटलं. ज्या ओट्यावर तो माठ ठेवला होता तो ओटा अण्णांनी स्वतःच्या हातानं घासून गुळगुळीत केला होता. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर जे पाणी खुलं झालं ते अजून कित्येक घरांच्या ओट्यापर्यंत पोहोचलेलं नाही. अण्णांनी ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. आमचा ओटा बांधताना, सिंकचा पाइप जोडता जोडता सांगितली.

खरं म्हणजे आम्ही आधी मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलानं संगणकावर चित्र काढून दाखवलं. आम्ही न सांगताच चित्रात देवघर आलं, आग्नेय कोपऱ्यात शेगडी आली, ईशान्येला पाणी आलं. आमच्या घरी देवघर नाही, बाबासाहेब आणि बुद्धांची तसबीर बाहेरच्या खोलीत आहे, असं सांगितल्यावर तो मुलगा गोंधळला आणि म्हणाला, हे डिझाइनमध्ये ठरलेलंच येतं. भाव सांगितला 1 लाख 65 हजार. माझी फेलोशिप त्या वेळी चार महिने रखडलेली होती. आम्ही उठलो. शेवटी वायरमन आणि प्लंबर धरून सगळं काम 26 हजारांत झालं. त्यात आमची तिघांची मजुरी धरलेली नाही. स्वतः केलं म्हणून स्वस्त पडलं, असं म्हणताना ही न धरलेली मजुरी विसरू नये.

काम करताना मला कळलं की मी वडिलांच्या विद्येबद्दल किती अडाणी होते. ओटा घालायचा तर पहिला प्रश्न उंचीचा. बाजारातलं ठरलेलं माप साधारण 32 ते 34 इंच. आई चार फूट आठ इंच. त्या मापाच्या ओट्यावर तिला पोळी लाटताना खांदे वर उचलावे लागले असते. अण्णांनी आईला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला, कोपराची खूण केली आणि तिथून पाच इंच खाली पेन्सिल ओढली. 30 इंच. मग पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी ती खूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली, कारण नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीला उभं राहतं. कोपरा काटकोनात आहे का हे तपासायला एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजले आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट येतं का ते पाहिलं. पायथागोरसचं प्रमेय मी शाळेत मार्कांसाठी पाठ केलं. चौथीत शाळा सुटलेला माणूस ते रोज वापरत होता, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं. मी संशोधन पद्धतीच्या तासाला 'ज्ञाननिर्मिती' हा शब्द किती वेळा लिहिला असेल! त्यातल्या एकाही वेळी मला ओळंबा आठवला नव्हता.

बाकीचं अण्णा काम करता करता सांगत गेले. कडप्पा मजबूत दिसतो पण ठिसूळ असतो, म्हणून पायांमधलं अंतर तीन फुटांच्या आत ठेवायचं. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी पिऊन टाकतात. बांधकामाला निदान सात दिवस पाणी मारायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला खालून हवा खेळायला जागा ठेवायची आणि रबरी नळी भिंतीत गाडायची नाही. विजेच्या कामाला त्यांनी हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. "ते वायरमनचं काम. आपल्याला येत नाही ते येत नाही म्हणावं," म्हणाले.

या सगळ्यात एक माणूस मात्र माझ्याही नजरेतून सुटलं होतं. माझी आई वीस वर्षं बांधकामावर होती, बिगारी म्हणून. आपल्याकडे साईटवर बाई दिसते ती डोक्यावर घमेलं घेऊन. थापी, ओळंबा, गुण्या पुरुषाच्या हातात. पुरुष बिगारी पाच-सात वर्षांत हळूहळू गवंडी होतो, बाई म्हातारी होईपर्यंत बिगारीच राहते आणि तिची मजुरीही कमीच राहते. म्हणजे माणसांच्या वाटणीत आणखी एक वाटणी आहे, आणि ती आपल्याच घरात आहे. तिसऱ्या दिवशी मी कालवलेल्या मालाकडे आईनं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "वाळू जास्त झाली." अण्णांनी माल हातात घेऊन पाहिला. वाळू जास्तच झाली होती. मी विचारलं, तू कधी थापी धरली का? ती हसली. "कोण देतंय?" त्या दिवशी मागच्या भिंतीच्या खालच्या दोन ओळी आईनं लावल्या, खुर्चीवर बसून. अण्णा आधी गप्प होते, मग म्हणाले, "हात बसलाय हिचा." वीस वर्षांनी!

इथं कुणी म्हणेल, आता ही पण श्रमप्रतिष्ठेचं गाणं गाणार. नाही. सफाईच्या कामाला सेवा म्हणून गौरवणाऱ्या गांधीविचाराची बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात चिरफाड केली, ती मला मान्य आहे. ज्याला दुसरं काही करायची मुभाच नाही त्याला त्याच्या कामाचं पावित्र्य सांगणं ही फसवणूक आहे. माझ्या भावानं गवंडी व्हावं असं मला अजिबात वाटत नाही, आणि त्याला व्हायचंच असेल तर जर्मनीतल्या कारागिरासारखं शिक्षण, पैसा आणि मान घेऊन व्हावं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण जे सोडायचं ते सक्ती आणि अपमान. त्यासोबत आईवडिलांचं ज्ञान आणि त्यांचा हिशेब आपण सोडून देतो आहोत, ते चुकतं आहे.

हिशेब म्हणजे काय ते सांगते. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्रीय कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या आणि गेल्या बारा महिन्यांत निदान 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. साठी पूर्ण होण्याआधी सलग तीन वर्षं लाभार्थी असेल तर साठीनंतरच्या लाभांना तो पात्र ठरू शकतो. अण्णा 56 वर्षांचे आहेत. म्हणजे आमच्या हातात जेमतेम एक वर्ष उरलं होतं, आणि घरात समाजशास्त्राची पीएचडी करणारी मुलगी असताना हे कुणालाच माहीत नव्हतं. नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी आम्ही तीन ठेकेदारांकडे गेलो. दोघांनी टाळलं, तिसऱ्यानं सही दिली. अण्णांचा अर्ज भरला गेला. आईचा भरता आला नाही. गुडघ्यांमुळे ती गेलं वर्षभर कामावर गेली नव्हती. तिची आधीची वीस वर्षं त्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसली नाहीत.

तुम्ही सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. वडील, आई, काका, मावशी, जे कुणी बांधकामावर असेल त्यांचं वय विचारा, नोंदणी झाली आहे का विचारा, नसेल तर अर्ज तुम्ही भरा. इंग्रजी-मराठी फॉर्म आपल्याला समजतात, ते त्यांच्याच मजुरीतून आलेलं शिक्षण आहे. आणि जमलं तर एखादं काम त्यांच्याकडून शिका. शिकताना ते जे सांगतील ते लिहून ठेवा.

आता आई उभी राहून स्वयंपाक करते. ओटा तिच्या मापाचा असल्यामुळे भावाला भांडी घासताना वाकावं लागतं. आईला त्याचं काही वाईट वाटत नाही. शेवटच्या दिवशी अण्णांनी ओट्यावर पाणी ओतून पाहिलं. मी बसवलेल्या बाजूनं ते सिंककडे वाहत गेलं. "दोन सूत खाली बसलाय तुझा कडप्पा," ते म्हणाले. मी घाबरले. त्यांनी फडकं फिरवलं आणि म्हणाले, "असू दे. पाणी जायचं तिकडंच जातंय."

जय भीम.