कोठार कोणाचे, भूक कोणाची?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ साली केंद्राच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत जमा झाला. मागास म्हणण्याची लाज वाटू लागली की राज्यकर्त्यांना असे शब्द सुचतात! जिल्ह्याला निरनिराळ्या निर्देशांकांवर गुण मिळतात. परंतु पाऊस चुकला तर या पठारावरील गावे स्वतःच्या धान्यावर किती महिने तग धरतील, या प्रश्नाला त्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

पूर्वी त्याचे उत्तर पेवात असे. ज्वारी माणसाला भाकरी देई, बैलाला कडबा देई आणि बैलाचे शेण पुन्हा शेतात जाई. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. पेव ज्याचे, सत्ता त्याची. मजुराच्या वाट्याला उसनवारीच होती. १९७२ च्या दुष्काळात भूमिहीनाला तारले ते सार्वजनिक कामांनी, आणि त्याच अनुभवातून आलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

आज खरिपात सोयाबीनचे राज्य आहे. सोयाबीन तेलगिरणीला जाते. त्याची भाकरी होत नाही. त्याचे कुटार कडब्याची जागा घेत नाही. त्याचा भाव परदेशातील पीक आणि खाद्यतेलाचे आयातशुल्क ठरवते. २०२४ साली ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना शेतकऱ्याला त्याहून कमी दराने माल विकावा लागला. ज्वारी त्याने हौसेने सोडलेली नाही. रोही आणि रानडुकरे उभे पीक फस्त करतात, आणि राहिलेले हमीभावाने कोण घेणार, याची शाश्वती नाही.

तेव्हा अन्न पिकवू शकणारा शेतकरी धान्य विकत घेतो. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळे. वाशीम त्यांपैकी एक. २०२३ साली धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. म्हणजे दिवसाला पाच रुपये! धान्य दुष्काळातही धान्यच राहते, रुपयाचे तसे नाही.

पाण्याची कथा याच वळणाची आहे. वाशीमच्या डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा महानचे धरण भरून अकोला शहराची तहान भागवते. अकोलेकरांशी भांडण नाही. पण उगमाकडच्या गावांच्या नाल्यांत पाणी अडवण्याचे काम रोजगार हमीतून आधी झाले पाहिजे.

अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासूनच भरड धान्याची तरतूद आहे. शासनाने ज्वारी आणि तूर गावातच हमीभावाने घ्यावी व त्याच गावच्या रास्त भाव दुकानातून द्यावी, ही आपली मागणी असली पाहिजे. मालेगाव, मानोरा, रिसोडच्या कार्यकर्त्यांनी येत्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत तीन आकडे मागावेत: गावात ज्वारीचे क्षेत्र किती, कडबा किती दिवसांचा, आणि एप्रिलमध्ये पाणी असलेल्या विहिरी किती.