अंगणातली तोटी आणि घराचा पाया

सोलापुरात पाण्याचा विषय निघाला की तो टंचाईचाच असतो. उजनी धरण शंभरावर किलोमीटर लांब, नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा. अशा गावात जादा पाण्याने घरं खचतात म्हटलं तर लोक हसतील. पण टंचाईनेच आपल्याला काही सवयी लावल्या आहेत. पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून तोटी उघडी ठेवायची, पाईपचं टोक हौदात सोडायचं आणि झोपायचं. मध्यरात्री नळ आधी हवा फेकतो, त्या धक्क्याने क्लिप नसलेला पाईप निसटतो आणि धार जोत्याच्या कडेला पडत राहते. मिनिटात पंधरा लिटरची बादली भरणारी धार तासाभरात 900 लिटर ओतते.

सकाळी अंगण वाळलेलं दिसतं आणि विषय संपतो. जमिनीखाली मात्र तो संपलेला नसतो. शहराचे बरेच भाग काळ्या मातीवर वसले आहेत. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात सहज जातो. सगळं घर सारखंच भिजलं तर ते बहुधा सारखंच उचललं जाईल. तोटीखालचा एकच कोपरा वर्षभर ओला आणि बाकीच्या पायाखाली कोरडी ठणठणीत माती, हा प्रकार भिंतीला झेपत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. आपण रंगाऱ्याला बोलावतो, तो पुट्टी भरतो, पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा हजर. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब पायात घालण्याची पद्धत विकसित केली, पण आपल्या जुन्या बैठ्या घरांखाली ते कुठून असणार?

म्हणून पाणी किती सांडलं यापेक्षा ते रोज कुठे मुरतं, याची मला जास्त धास्ती वाटते. थेट लाइनवरची गळकी तोटी पाणी येईल तेव्हाच गळते. गच्चीवरच्या टाकीला जोडलेली तोटी चोवीस तास गळते, आणि एका वायसरसाठी प्लंबरला कोण बोलावणार, म्हणून महिनोन्‌महिने गळते. भिंतीला खेटून बांधलेला हौद झिरपत असेल तर ते दिसतही नाही. पाणी येणार नसेल त्या रात्री मोटार आणि सगळ्या तोट्या बंद करून हौदातल्या पातळीवर खडूची रेघ मारावी. सकाळी पातळी रेघेखाली गेली असेल तर गळती हौदात किंवा त्याच्या पाईपात आहे.

थंड देशांत अंगणातले नळ बर्फाने फुटतात. आपल्याकडे ते काम ऊन करतं. उन्हात वर्षानुवर्षे पडलेला प्लास्टिकचा पाईप कडक होतो आणि जोडाजवळ तडकतो. पाईप सावलीत गुंडाळून ठेवणं, तोटीवर क्लिप बसवणं, हौदाला फ्लोट वाल बसवणं, हा खर्च किरकोळ आहे. खरं काम भिंतीच्या पायथ्याशी आहे. घराभोवती तीनेक फूट रुंद शहाबादी फरशी, तिला बाहेरच्या बाजूला उतार, सांधे सिमेंटने भरलेले आणि सांडलेलं पाणी थेट गटारीत. तोटी शक्यतो भिंतीपासून दूर, खांबावर असावी. आणि हो, तुळस-जास्वंदीचं आळं भिंतीला चिकटून नको. झाडांना पाणी घालतो म्हणून ते पायात कमी मुरत नाही.

एका गोष्टीची घाई मात्र करू नये. गळती थांबल्यावर ओला कोपरा हळूहळू वाळतो, माती आकसते आणि भेग काही काळ आणखी उघडूही शकते. लगेच गिलावा केला तर तो पुन्हा फाटेल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्यावा. खुणेच्या पुढे भेग सरकली नाही तर गवंड्याला बोलवावं. सरकतच राहिली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला.