तिजोरी सांभाळणारा कॅप्टन

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन म्हटले की अणुबॉम्बचा निर्णय आठवतो. त्याआधीचे ट्रुमनही समजून घ्यायला हवेत. मिझुरीतले हे शेतकरी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन होते. १९१९ मध्ये परतल्यावर लष्करातल्याच एका मित्रासोबत त्यांनी कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. मंदी आली आणि १९२२ मध्ये दुकान बुडाले. ट्रुमन यांनी दिवाळखोरी पत्करली नाही. देणी फेडण्यात पुढची अनेक वर्षे घालवली.

दुकान बुडाले त्याच वर्षी ते जॅक्सन काउंटीचे ‘न्यायाधीश’ म्हणून निवडून आले. नाव न्यायाधीशाचे असले तरी या पदाकडे काम होते रस्ते, इमारती आणि तिजोरी सांभाळण्याचे. १९२८ मध्ये मतदारांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. ज्या पेंडरगास्ट या स्थानिक राजकीय गटाच्या बळावर ट्रुमन निवडून आले होते, त्याच्या मर्जीतल्या कंत्राटदारांना ही कामे हवी होती. ट्रुमन यांनी ती सर्वांत कमी दराच्या निविदांना दिली.

राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे १९४५ मध्ये आले. सचोटीची परीक्षा त्यांनी त्याआधीच, काउंटीच्या रस्त्यांवर दिली होती. आपल्या गावचा, प्रभागाचा प्रतिनिधी निवडताना वाचकांनी हीच कसोटी लावावी.