विटाळाचा पत्ता

पर्यावरण म्हटलं की आपल्यातले पुष्कळजण तोंड फिरवतात. म्हणतात, हे पोट भरलेल्यांचं खूळ. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही.

1927 साल आठवा. 20 मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून शुद्धी केली. त्याच 1927 साली मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. तळं शुद्ध करायची केवढी घाई! कचऱ्याचा डोंगर शंभरीला टेकला, त्याची घाई कुणालाच नव्हती.

पायथ्याशी कोण राहतं? शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर. दलित, मुसलमान, गावाकडून हुसकलेली माणसं. कचरा वेचणारेही तेच. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, ओला कचरा कुजतो, मिथेन साचतो नि पेटतो. जानेवारी 2016 ला पेटला तेव्हा धूर शहरभर गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेवढे दिवस देवनार पेपरात झळकलं. धूर विरला, बातमी विरली. वस्तीत खोकला राहिला.

गोदीत ओझी उचलून मला एवढं कळलंय : माल मालकाचा, धूळ हमालाची. शहराचाही हिशोब हाच.

ऑक्टोबर 2019 मध्ये आरेची झाडं रातोरात तोडली, तेव्हा पोरंपोरी रस्त्यावर आली, अटक झाली. बरं केलं. तिथल्या आदिवासी पाड्यांच्या तर जगण्याचाच तो सवाल. पण तेवढी माणसं गोवंडीसाठी उठलेली मी पाहिली नाहीत. आमच्या पोरांना फुफ्फुसं नाहीत काय?

आता पुढचं ऐका. 2024 साली राज्य सरकारनं डेपोची 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. कुणासाठी? धारावीत घर मिळायला जे कागदावर ‘अपात्र’, त्यांच्यासाठी. केंद्र सरकारनंच 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं, कचऱ्याचा भराव वस्तीपासून 200 मीटर लांब पाहिजे. इथं वस्तीच भरावावर न्यायची! म्हणे, आधी कचरा उपसू. उपसा ना. मग त्या साफ जमिनीवर पहिले बंगले मंत्र्यांचे बांधा. आम्ही मागून येतो.

काल आपल्या स्पर्शाला विटाळ म्हणाले. आज त्यांचा खराखुरा विटाळ आपल्या दारात टाकतात आणि त्याला विकास म्हणतात. म्हणून हा प्रश्न रविवारी झाडं लावणाऱ्यांवर सोडू नका. ज्या वॉर्डाचा कचरा त्या वॉर्डात जिरवा, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

महाडला कुणाकडे पाणी मागितलं नव्हतं. हक्कानं घेतलं होतं. हवाही तशीच घ्यावी लागेल.