वेगवान मोटारींची इंजिने व आपण

शर्यतीच्या मोटारीचे चित्र पाहून हरखून न जाणारा विद्यार्थी आमच्या शाळेत विरळाच. तिचा वेग व तिची अश्वशक्ती यांवर मधल्या सुट्टीत वाद रंगतात. परंतु ती शक्ती इंजिनास किती काळ पेलवेल, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

सुरतेत राहणाऱ्यांस तो समजणे कठीण नाही. एखादा माग एक दिवस भरधाव चालला म्हणून कारखानदार त्याची वाखाणणी करीत नाही. पाळीमागून पाळी न अडता चालेल तो माग चांगला. जुन्या यंत्रमागावरील धोटा प्रत्येक फेरीअखेर थांबून उलट फिरतो, आणि मोडतोड होते ती बहुधा त्या धक्क्यांनीच. इंजिनातील दट्ट्याचीही तीच गत आहे. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्या सेकंदास २०० वेळा थांबून दिशा बदलतो. फेरे दुप्पट केले, की त्याच्या जडत्वामुळे कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. बरे, फेरे न वाढविता टर्बोचार्जरने अधिक हवा कोंबावी, तर उष्णता वाढते व इंधन अवेळी भडकून दट्ट्याच निकामी होण्याची भीती. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. उरलेली बाहेर घालवावी लागते. २००५ साली निघालेल्या बुगाटी व्हेरॉनची १,००१ अश्वशक्ती सर्वांस तोंडपाठ असते. तिला १० रेडिएटर लागले, हे मात्र वादात कोणी सांगत नाही!

टिकाऊ इंजिने आपल्या देशास अपरिचित आहेत असे नव्हे. पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि किर्लोस्करांची डिझेल इंजिने विहिरीविहिरींवर वर्षानुवर्षे पाणी उपसत राहिली. मोटारींच्या संशोधनासाठी व चाचण्यांसाठी त्याच शहरी १९६६ साली 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन' निघाली. तथापि २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात 'अवंती' ही स्पोर्ट्‌स मोटार झळकली. तिचा देह येथला असला तरी इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे होते. यात निर्मात्यास दोष देणे अन्यायाचे होईल. थोड्याशा मोटारींसाठी नवे इंजिन घडविणे कोणासही परवडणारे नाही. परंतु देह आपला व हृदय परक्याचे, या स्थितीत समाधान मानावे हे आम्हांस पटत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की शाळेने भंगारातील एखादे स्कूटरचे इंजिन विकत घ्यावे. ते विद्यार्थ्यांनी स्वतः खोलावे, सिलिंडरची झीज मोजावी, बेअरिंग कोणत्या बाजूने घासले, तेल कोठे अडले, हे वहीत टिपावे. मग ते पुन्हा जोडून, भार देऊन, सलग आठ तास चालवून पाहावे. ते किती अश्वशक्तीचे, हा वाद त्यानंतर खुशाल करावा.