तळ्याचं शेवटचं पाणी खाडीत सोडू नका

कोकणच्या खाड्यांकाठी राहणाऱ्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे. कोळंबी प्रकल्पांचे मालक, पाग आणि बोक्शी घेऊन खाडीत उतरणारे भाऊ, ओहोटीला तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या मावश्या, ग्रामपंचायतीचे सदस्य, सगळ्यांनी ती वाचावी.

पावसाच्या तोंडावर बऱ्याच तळ्यांची काढणी निघते. तळं रिकामं करताना आधी जाणारं पाणी त्या मानानं बरं असतं. खरी घाण शेवटच्या पाचव्या हिश्श्यात असते. तळाचा काळा गाळ ढवळून निघतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि उरलेलं खाद्य, विष्ठा, कोळंबीनं टाकलेली कात, मेलेलं शेवाळ असं सगळं काही तासांत दरवाज्यातून बाहेर पडतं. माझी मागणी एवढ्याच पाण्याबद्दल आहे: ते थेट खाडीत जाऊ देऊ नका.

हिशेब करून पाहा. एक टन व्हेनामी कोळंबी काढायला साधारण दीड टन खाद्य लागतं. त्यात ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं धरली, तर सुमारे ८४ किलो नत्र तळ्यात पडतं. कोळंबीच्या अंगी लागतं ते त्यातलं जेमतेम एक तृतीयांश. उरलेलं ५० किलोंहून अधिक नत्र, म्हणजे युरियाच्या अडीच गोण्यांत असतं तेवढं, पाण्यात आणि गाळात राहतं; थोडंफार हवेत जातं. हे एका टनाचं झालं. एका खाडीवर किती तळी आहेत, ते तुम्हीच मोजा.

खाडीचं थेंबभर पाणी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मुलांना दाखवा. डब्यावर झाकण बसावं तशी काचेची दोन नाजूक शकलं एकमेकांत बसलेली दिसतील. ते डायटम. त्यांच्यातून लांब मिशांचा, झटके देत पोहणारा जीव जाईल. तो कोपेपॉड. कोपेपॉड डायटम खातो. बोय, जिताडा यांची बारीक पिल्लं कोपेपॉडवर वाढतात. आपल्या जाळ्यात येणारी बरीचशी मासळी लहानपणी या तरंगत्या बारीक जिवांवर, म्हणजे प्लवकांवरच पोसलेली असते.

डायटमला कवचासाठी सिलिका लागते आणि ती नदीच्या पाण्याबरोबर खडक-मातीतून येते. तळ्याच्या पाण्यातून नत्र आणि स्फुरद भरमसाट येतात, सिलिका मात्र त्या प्रमाणात येत नाही. मग डायटम मागे पडतात आणि निळं-हिरवं शेवाळ किंवा शेपट्यांनी पोहणारे इतर सूक्ष्मजीव माजू शकतात. पाणी गर्द हिरवं दिसतं, पण पिल्लांच्या तोंडी लागेल असा घास त्यात कमी होतो. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच तो ओढून घेतं, वर कुजणारा गाळही आपला वाटा घेतो. म्हणून पहाटे, उजाडण्याआधी, प्राणवायू सर्वात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर कारण बहुधा हेच असतं.

उन्हाळ्यात खाडीला वरून गोडं पाणी जवळजवळ नसतं. आत सोडलेली घाण ओहोटीबरोबर थोडी खाली सरकते आणि भरतीबरोबर परत वर येते. भांगाच्या दिवसांत तर ती फारशी हलतही नाही. प्रकल्पमालकांनी याचा विचार स्वतःसाठीही करावा, कारण शेजारी सोडतो तेच पाणी तुमचा पंप उचलतो. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं टायगर कोळंबीचे प्रकल्प किनारोकिनारी बुडाले, तेव्हा विषाणू याही वाटेनं पसरला होता. रोग लागलेलं तळं निर्जंतुक न करता सोडणं हा शेजाऱ्यावर अन्याय आहे.

तळी बंद करा, असं मी म्हणत नाही. त्यांवर घरं चालतात. खाडीत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनंही येतात, त्यांचा जाब वेगळा मागायलाच हवा. पण तळ्याचा दरवाजा आपल्याच हातात आहे. कायदाही याबाबत गप्प नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९६ रोजी किनाऱ्यावरच्या कोळंबी प्रकल्पांविरुद्ध कडक निकाल दिला. पुढे २००५ च्या कायद्यानं किनारी जलकृषी प्राधिकरण आलं आणि नोंदणी सक्तीची झाली. खाडीत सोडायच्या पाण्यात लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा नियमही आहे.

मालकांनो, एक तळं निवळणीसाठी राखून ठेवा. शेवटचं पाणी त्यात घ्या, गाळ खाली बसू द्या, त्यात बोय आणि कालवं सोडा. गाळ वाळवून बांधावर टाका. कांदळवनात मुळीच नको. मच्छीमारांनो, पाण्याचा रंग बदलला किंवा मासे वर आले, तर तारीख, वेळ आणि भरती-ओहोटी लिहून ठेवा, फोटो काढा. भांडणात तोंडी तक्रार टिकत नाही, नोंद टिकते. महाविद्यालयांनी पहाटे प्राणवायू मोजून द्यावा. त्याचा संच महाग नसतो. आणि ग्रामसभेत, येत्या काढणीच्या आधी, प्रत्येक प्रकल्पाला दोन गोष्टी विचारा: नोंदणी आहे का, आणि शेवटचं पाणी कुठे जाणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला पाठवा.